फिल्टर आता मुरतच नाही, मग चित्र पुरं झालं असं तुम्ही कधी ठरवता?

काजळरेघ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, पण तुकड्यातुकड्यांत विचारलं तर नेमकं काय खटकतंय ते कळायचं नाही.

मी पुस्तकांसाठी संगणकावर चित्रं काढते, चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत सवय पक्की झालेली: लेअरची, म्हणजे चित्राच्या एका थराची, प्रत काढायची, तिच्यावर ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) मारायचा, नाही आवडला तर प्रत फेकायची, आवडला तर खाली मर्ज करून, म्हणजे खालच्या थरात कायमची मिसळून, पुढे जायचं. ब्लर एकदा पिक्सेलमध्ये मुरला की मुरला, पुढचं रंगकाम त्याच्यावर. चार महिन्यांपूर्वी प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली आणि हे सगळं बदललं. आता फिल्टर लेअरला नुसता लागून राहतो. लेअरशेजारी छोटी खूण दिसते, ती उघडली की आकडा बदलता येतो, डोळ्याची खूण बंद केली की फिल्टर गायब आणि खालचं चित्र जसंच्या तसं. ही सोय मला कित्येक वर्षं हवी होती. पहिले आठ दिवस मी हरखून गेले होते, जुन्या फायली काढून काढून त्यांच्यावर प्रयोग करत बसले.

आता ज्या चित्रावर अडले ते सांगते. एक म्हातारी दिव्याजवळ बसून सुईत दोरा ओवते आहे. चेहरा नाही, फक्त दोन हात, सुई, दोरा आणि डावीकडून येणारा उजेड. कॅनव्हास ४८०० × ६००० पिक्सेल. सगळं चित्र दोऱ्याच्या टोकावर उभं आहे: ओलं करून चिमटीत चपटं केलेलं टोक, आणि त्यातून एकच तंतू सुटून बाजूला वळलेला. सुई ओवली जात नाही ती त्या एका तंतूमुळे. तो मी सहा पिक्सेलच्या ब्रशने काढला, स्टायलस जेमतेम टेकवून, पंधरा-वीस वेळा पुसून. अंगठ्याच्या नखावर उभ्या रेघा आहेत, म्हातारपणी येतात तशा. दिव्याची चमक त्यातल्या एका रेघेवर येऊन थांबते, पुढचीवर जात नाही. हे जमायला दोन दिवस गेले.

याच्या वर तीन फिल्टर. उजेड पसरल्यासारखा वाटावा म्हणून सगळ्या चित्राच्या प्रतीवर १६ पिक्सेलचा गॉसियन ब्लर, स्क्रीन मोडवर (खालचा रंग उजळवणारी मिसळण), अपॅसिटी म्हणजे दाटपणा ३० टक्के. त्यावर कर्व्ह्ज, म्हणजे उजेड-अंधाराची दुरुस्ती. शेवटी थोडा ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा. मोठ्या चित्रात सगळं जागच्या जागी होतं आणि छपाईची प्रत गेलीसुद्धा. मग पडद्यासाठी १२०० × १५०० ची प्रत मागितली. मी तीच फाइल उघडली, चित्र लहान केलं, एक्स्पोर्ट केलं, पाठवून दिलं. रात्र झाली होती, नीट पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहते तर हात धुक्यात. नखावरच्या रेघा गेलेल्या, तंतूचा पत्ता नाही, आणि ग्रेन वाळूसारखा जाडाभरडा. चित्र लहान केलं की बारीकसारीक हरवतं हे मला ठाऊक आहे. पण इथे चित्राचा स्वभावच बदलला होता. दिव्याशेजारी बसलेली म्हातारी एकदम पहाटेच्या धुक्यात जाऊन बसल्यासारखी दिसत होती. हे कशामुळे?

दुसरा प्रश्न तंत्राचा नाही, पण मला तोच जास्त छळतोय. गेले तीन आठवडे मी रोज ही फाइल उघडते आणि आकडे हलवते. १६ चे १४, १४ चे १८, पुन्हा १६. कर्व्ह्जचा एक ठिपका वर, मग खाली. तास जातो आणि ब्रश हातात घेतलेलाच नसतो. पूर्वी मर्ज केलं की मन त्या भागातून बाहेर पडायचं. आता कुठल्याच भागातून बाहेर पडत नाही. तुम्ही या जिवंत फिल्टरांसोबत काम करताना मर्ज कधी करता? करता तरी का?

दुपारचा डोळा

लहान करण्याआधी फ्लॅटन केलं होतंत का, म्हणजे सगळे लेअर एकात मिसळले होतेत का? आणि फाइल किती बिटची?

काजळरेघ

नाही केलं. सगळे लेअर, सगळे फिल्टर तसेच ठेवून थेट लहान केलं. १६ बिट.

तिसरा थर

मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तुम्ही जे पाठवलंत त्यावर वेगळाच ब्लर लागला होता.

जिवंत फिल्टर म्हणजे प्रोग्रामने लिहून ठेवलेली एक सूचना: ‘खालचं चित्र घे, त्यावर १६ पिक्सेलचा ब्लर लाव आणि दाखव.’ आकडा पिक्सेलमध्ये आहे. चित्र लहान केलं तरी तो १६ च राहतो. ४८०० रुंदीच्या चित्रात १६ पिक्सेल म्हणजे रुंदीचा तीनशेवा भाग. १२०० रुंदीच्या चित्रात तेच १६ म्हणजे पंचाहत्तरावा भाग. मूळ चित्रात ६४ चा ब्लर लावून पाहा, तुमचं धुकं हुबेहूब दिसेल.

ग्रेनचंही तेच, फक्त कारण थोडं निराळं. तयार चित्र पाव केलं असतंत तर प्रत्येक सोळा पिक्सेलची सरासरी होऊन एक पिक्सेल झाला असता आणि त्या सरासरीत ग्रेनचा खडबडीतपणा साधारण चौथ्या हिश्शावर आला असता. पण तुमचा ग्रेन लहान चित्रावर नव्याने तयार झाला, पूर्ण जोराने. म्हणून वाळू.

उपाय सोपा आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढा, प्रत फ्लॅटन करा म्हणजे सगळे फिल्टर मोठ्या मापावर मुरतील, मग लहान करा, आणि शेवटी हलकंसं शार्पन, म्हणजे कडा जरा धारदार करणं. ब्लरचा आकडा चारने भागून ४ केलात तरी उजेड बराचसा जुळेल, पण ग्रेन तसा भागता येत नाही. म्हणून फ्लॅटनच बरं.

फिल्टरांचा क्रमही एकदा तपासा. आधी ब्लर मग कर्व्ह्ज आणि आधी कर्व्ह्ज मग ब्लर यांतून एकच चित्र निघत नाही. कर्व्ह्जने उजळ भाग आधी ताणला तर ब्लर तो ताणलेला उजेड पसरवतो. यादीत फिल्टर वर-खाली ओढणं आता इतकं सोपं झालंय की चुकून ओढला जातो आणि लक्षातही येत नाही.

काजळरेघ

तुमचे मनापासून आभार. ६४ लावून पाहिलं. तेच धुकं, अगदी तेच. तीन दिवस मी एक्स्पोर्टच्या खिडकीतल्या सगळ्या खुणा उलटसुलट करून पाहत होते, आणि चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली.

तुमच्या लिहिण्यावरून एक जुनी शंका निघाली. तोच दिवा, तेच १६ पिक्सेल, पण जुन्या आवृत्तीत उजेड मंद पसरायचा. नव्या आवृत्तीत दिव्याभोवतीचं वलय जास्त भरघोस येतं. मला ते आवडलं आहे, तक्रार नाही. पण असं का होतं?

तिसरा थर

फाइल पाहिल्याशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही, पण लक्षणं लिनियर लाइटची आहेत. आपल्या फायलीतले आकडे डोळ्याच्या सोयीने वाकवून ठेवलेले असतात, प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात नसतात. काळा आणि पांढरा अर्धा-अर्धा मिसळा. वाकवलेल्या आकड्यांवर सरासरी काढली तर ० (काळा) आणि २५५ (पांढरा) यांच्या मधे १२८ येतं. आधी आकडे सरळ करून, खऱ्या उजेडाची सरासरी काढून पुन्हा वाकवले तर साधारण १८८ येतं. म्हणजे बरंच उजळ. तुमचं वलय तिथून आलं असणार.

स्वतः पाहायचं असेल तर कोऱ्या कॅनव्हासवर भडक लाल आणि शेजारी भडक हिरवा पट्टा ओढा आणि दोघांच्या हद्दीवर ब्लर लावा. जुन्या पद्धतीत मधे मळकट, काळपट पट्टी येते. लिनियरमध्ये स्वच्छ पिवळसर. काही प्रोग्रामांत हे फाइलनिहाय निवडता येतं. जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडून काम पुढे नेताना ही निवड आधी बघून घ्यावी, नाहीतर अर्धं चित्र एका उजेडात आणि अर्धं दुसऱ्या.

जुना कॅनव्हास

काजळरेघ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला नीट मिळालं. मी दुसऱ्याबद्दल लिहितो.

मी १९९५ पासून या कामात आहे. तेव्हा फोटोशॉप ३.० होतं, लेअर नुकते आले होते, १९९४ मध्ये. अनडू मात्र एकच पायरी. दुसरी रेघ ओढली की पहिली कायमची. १९९६ मध्ये ४.० सोबत अ‍ॅडजस्टमेंट लेअर आले, म्हणजे रंगाची दुरुस्ती पिक्सेल न बिघडवता करता येऊ लागली. १९९८ मध्ये ५.० सोबत हिस्टरी आली आणि मागच्या अनेक पायऱ्या चढता-उतरता येऊ लागल्या. २००५ मध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपून ठेवणारा लेअर), २००७ मध्ये स्मार्ट फिल्टर, म्हणजे हेच जिवंत फिल्टर. गिम्प या मोफत प्रोग्राममध्ये असे जिवंत फिल्टर ३.० सोबत आले, मार्च २०२५ मध्ये. क्रिता या दुसऱ्या मोफत प्रोग्राममध्ये फिल्टर लेअर आणि ट्रान्सफॉर्म मास्क त्याच्या पुष्कळ आधीपासून आहेत. या प्रत्येक टप्प्यावर मी आनंदाने पुढे गेलो आहे आणि त्यातलं काहीही परत द्यायला तयार नाही.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जिवंत फिल्टर लावला की आपण त्याच्या खाली रंगवतो. ब्रश टेकतो तो फिल्टरखालच्या पिक्सेलवर, आणि आपल्याला दिसतो तो फिल्टरमधून गेलेला रंग. तुमच्या जुन्या पद्धतीत ब्लर मुरायचा आणि तुमची शेवटची रेघ त्या मऊ जमिनीवर धारदार पडायची. मऊवर टणक. आता तीच रेघ काचेखाली गेली आहे. तुम्ही तो तंतू कधी काढलात, ब्लर लावण्याआधी की नंतर?

काजळरेघ

आधी. काका, आधी काढला. आणि नंतर त्याला हात लावला नाही, कारण लावला तरी तो तितकाच मऊ दिसायचा. मी चिडून ब्लर कमी करायचे, मग उजेड मरायचा, मग पुन्हा वाढवायचे. १६ चे १४, १४ चे १८ चाललंय ते यामुळेच हे आत्ता, तुमचं वाचताना लक्षात आलं.

जुन्या फायली उघडून बसले आहे. पावसातली सायकल म्हणून एक चित्र आहे, सहा वर्षांपूर्वीचं. सगळं ओलसर, विरघळलेलं, आणि चाकाच्या दोन आऱ्यांवर अगदी शेवटी मारलेल्या दोन पांढऱ्या रेघा. ३०० टक्के झूम करून पाहिल्या. कडा कापल्यासारख्या आहेत, खालचा ब्लर त्यांना शिवलेलाही नाही. त्या दोन रेघांमुळे चाक फिरतंय.

पाऊलखूण

थोडं विरोधात बोलते, ताई, राग मानू नका. फिल्टरच्या वर एक नवा लेअर घ्या आणि त्यावर धारदार रेघ ओढा. मर्ज कशाला हवं? मी चित्रकथा करते. बारा पानं रात्रीची रंगवून झाल्यावर संपादकांनी संध्याकाळ हवी म्हणून सांगितलं. प्रत्येक पानावर एक कर्व्ह्ज आणि एक रंगाचा लेअर, दोन्ही जिवंत. एका दुपारीत बारा पानं संध्याकाळची झाली. मर्ज केलं असतं तर पंधरा दिवस गेले असते. मी काहीच मर्ज करत नाही आणि झोपही शांत लागते.

आणखी एक, फिल्टरला मास्क लावता येतो. बोटांची टोकं आणि दोरा मास्कमधून वगळा. उजेड पसरेल, तंतू कोरा राहील. कडेची रिकामी जागा वाढवायला मी आजकाल जनरेटिव्ह फिलही (एआयने जागा भरून घेणं) वापरते, आभाळ वगैरे तासन्‌तास रंगवत बसत नाही.

काजळरेघ

राग कसला, बारा पानांचं वाचून मला हेवा वाटला. तुमच्या कामात हे सगळं जिवंतच असलं पाहिजे.

मास्क करून पाहिला. तंतू वाचला, पण आता तो दिव्याच्या उजेडात नाही असं वाटतंय, कुणीतरी वरून चिकटवल्यासारखा. बोटांवर उजेड पसरतो आणि दोऱ्यावर पसरत नाही, हे डोळ्याला लगेच कळतं. वर नवा लेअर घेऊनही पाहिला. नुसती रेघ ओढायची असेल तर तो चालतो. पण मी रेघ ओढून थांबत नाही, तिचं एक टोक स्मजने (ओला रंग बोटाने फासावा तसं साधन) खालच्या रंगात ओढते, आणि त्या नव्या लेअरवर खाली ओढायला रंगच नसतो. सगळ्या लेअरमधून रंग उचलायची खूण चालू केली की स्मज खालचा फिल्टर लागलेला रंग उचलून वर ठेवतो. मग खाली कर्व्ह्ज हलवले की तो ठिगळासारखा वेगळा पडतो. म्हणजे वर असं काम सुरू केलं की खालचे आकडे तसेही गोठवावेच लागतात.

जनरेटिव्ह फिलबद्दल. मी याच चित्रात एकदा वापरलं, उजव्या बाहीच्या टोकाला. कोपरापाशी जागा रिकामी होती आणि मला कंटाळा आला होता. बाही आली, आणि खरं सांगते, कापड माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं. पण चुण्या वरच्या दिशेने ताणलेल्या होत्या, कोपर हवेत उचलल्यासारख्या. माझ्या म्हातारीचा कोपर गुडघ्यावर टेकलेला आहे. तो टेकलेला नसता तर सुई हलली असती. चित्रात गुडघा दिसत नाही, त्यामुळे हे मलाच ठाऊक. आठ वेळा नव्याने करून पाहिलं, प्रत्येक वेळी कापड सुरेख आणि हात दुसऱ्याच कुणाचा. शेवटी ते काढलं आणि बाही हाताने रंगवली, चुण्या खाली सैल पडलेल्या. एक तास लागला.

आणि तो भाग जवळून पाहिला तर आजूबाजूपेक्षा मऊ होता.

तिसरा थर

मऊ असणारच. अशी साधनं बरेचदा ठरावीक मापाचा तुकडा तयार करतात, हजारेक पिक्सेलचा, आणि निवडलेली जागा मोठी असली तर तो ताणून बसवतात. तुमच्या कॅनव्हासवर बाहीची जागा दोन हजार पिक्सेलची असेल तर दुपटीने ताणला गेला. वापरायचंच असेल तर लहान लहान जागा निवडून करावं. आणि ग्रेन शेवटी सगळ्यावर एकच टाकावा म्हणजे शिवण दिसत नाही.

पाऊलखूण, तुमचंही पूर्ण पटतं. पण एक हिशेब सांगतो. ४८०० × ६००० म्हणजे २ कोटी ८८ लाख पिक्सेल. १६ बिटमध्ये चार चॅनेल (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) धरले तर एका भरलेल्या लेअरला मेमरीत सुमारे २३० एमबी. त्यावर तीन जिवंत फिल्टर, आणि खाली ब्रश टेकला की तेवढा भाग प्रत्येक वेळी नव्याने मोजायचा. ब्रश मागे रेंगाळतो तो त्यामुळे. चित्रकथेच्या लहान पानावर ते जाणवत नसेल. सहा पिक्सेलचा तंतू ओढताना रेघ हाताच्या मागून आली तर हात बिचकतो.

काजळरेघ

बिचकतो, हो. मला वाटत होतं वयामुळे हात जड झाला.

काय केलं ते सांगून ठेवते, कुणाला उपयोग झाला तर बघा. मूळ फाइल जिवंत फिल्टरांसकट बाजूला ठेवली, नावापुढे ‘कच्ची’ लिहून. तिची प्रत काढली. प्रतीत ब्लर आणि कर्व्ह्ज मर्ज केले, ग्रेन काढून टाकला. बटण दाबताना पोटात गोळा आला होता, मूळ फाइल शेजारी सुरक्षित आहे हे माहीत असूनही. मग तंतू नव्याने काढला, मऊ जमिनीवर. आधीचा सहा पिक्सेलचा होता, आता चार पुरले, कारण त्याला ब्लरशी झगडायचं नव्हतं. जिथे तो दोऱ्यातून सुटतो तिथे स्मजने दोन-तीन पिक्सेल मागे ओढला, टोक मात्र कोरं ठेवलं. नखाची चमक एका ठिपक्याने परत आली. सगळं मिळून चाळीस मिनिटं, आणि ब्रश एकदाही मागे रेंगाळला नाही.

मग ग्रेन मोठ्या मापावर, फ्लॅटन, पाव माप, हलकं शार्पन. १२०० × १५०० मध्ये तंतू दिसतो. जेमतेम एका पिक्सेलचा आहे, पण दिसतो, आणि सुई का ओवली जात नाही ते कळतं. जुनी प्रत काढून ही लावा म्हणून काल रात्री कळवलं, आज सकाळी लावली गेली. छपाईची प्रत गेली ती गेली, तिथे तंतू थोडा मऊ राहणार.

पाऊलखूण, कर्व्ह्ज आणि रंगाच्या दुरुस्त्या मी यापुढे तुमच्यासारख्या शेवटपर्यंत जिवंत ठेवून पाहीन, त्यांच्याखाली रंगवताना हाताला अडथळा कमी वाटतो. ब्लर मात्र रंगकामाच्या अर्ध्यावर मर्ज करायचा असं तूर्त ठरवलंय. तिसरा थर, ग्रेनबद्दल अजून विचारायचं आहे: छपाईच्या प्रतीत तो कागदावर कितपत उतरतो आणि पडद्याच्या प्रतीत वेगळा टाकावा का. त्यासाठी उद्या निराळा धागा काढते, दोन्ही प्रतींचे तुकडे जोडून.